मळसूत्री पंप, स्वयं-प्रायमिंग

सक्शन पाइपातली हवा स्वतः उपसून द्रव ओढून घेणारा आणि दर फेऱ्याला ठरावीक आकारमान पुढे ढकलणारा पंप. येथे एकाच स्क्रूच्या प्रकाराचा विचार केला आहे.

इतिहास : फ्रेंच अभियंता रने म्वानो (१८८७–१९४८) याने १९३० मध्ये पॅरिस विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात ही रचना मांडली. विमानाच्या इंजिनासाठी संपीडक शोधताना ती सुचली, असे सांगितले जाते. उत्पादनासाठी १९३२ मध्ये कंपनी निघाली.

कार्य : पोलादी रोटरला (फिरणाऱ्या स्क्रूला) एकेरी आटा असतो, रबरी स्टेटरला (भोवतालच्या स्थिर नळीला) दुहेरी, स्टेटरच्या आट्याची चाल रोटरच्या दुप्पट असते. रोटर रबरात किंचित दाबून बसतो, त्यामुळे दोहोंमध्ये बंद पोकळ्या तयार होतात. रोटर फिरताना त्याचा मध्य उलट दिशेने लहान वर्तुळात फिरतो, म्हणून जोडदांड्याला दोन्ही टोकांना सांधे लागतात. सक्शनकडे पोकळी उघडते, भरते, मिटते आणि तशीच पुढे सरकते. मध्यच्युती e, रोटरचा व्यास d आणि स्टेटरची चाल P असल्यास एका फेऱ्यात 4edP इतके आकारमान सरकते.

पोकळीत हवा आहे की पाणी, याने या क्रियेत फरक पडत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाने हवा धरली की तो नुसता फिरत राहतो. हवा पाण्याहून सु. ८०० पट हलकी असल्याने त्याचे फिरते चक्र (इंपेलर) तिच्यात नगण्य दाब निर्माण करते. मळसूत्री पंप हवा बाहेर काढतो, पाइपात दाब घटतो आणि वातावरणाचा दाब पाणी वर चढवतो. त्यामुळे मर्यादाही वातावरणाचीच : समुद्रसपाटीला गणिताने १०.३ मी., व्यवहारात ७-८ मी. महाबळेश्वराच्या उंचीवर (सु. १,३५० मी.) यातून दीड मीटर वजा होतो. द्रव गरम किंवा दाट असेल तर उचल आणखी घटते. सक्शनचा एक सैल जोडही हवा आत घेऊन सगळे बिघडवतो.

हवा अडते ती रबर ओले असल्यामुळे. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना पंपात द्रव ओतणे अत्यावश्यक आहे, आणि बंद करताना थोडा द्रव आत राहील अशी पाइपांची मांडणी हवी. कोरड्या घर्षणाने स्टेटर काही मिनिटांत जळतो. ही या पंपाची महागडी हानी.

दाब : एका टप्प्याला सु. ६ बार, अधिक दाबासाठी टप्पे वाढवतात.

उपयोग : मळी, सांडपाण्यातील गाळ, दाट अन्नपदार्थ, खनिज तेल.

इतर प्रकार : दोन व तीन स्क्रूंचे पंप. आर्किमिडीजचा स्क्रू पाणी शोषत नाही, उचलतो. त्याचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असावे लागते.