समरकंदमधील प्रेक्षणीय स्थळे

समरकंद हे उझबेकिस्तानातील झरफशान नदीच्या खोऱ्यात वसलेले प्राचीन शहर आहे. २००१ साली त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शहरातील प्रमुख वास्तू नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या एकाच पट्ट्यात असून दिवसभरात पायी पाहता येतात. उन्हाळा कडक व हिवाळा बर्फाचा असल्याने या पदभ्रमणास वसंत ऋतू सोयीचा ठरतो. मात्र मार्च-एप्रिलमध्ये पावसाची शक्यता असते. २१ मार्चला नवरोज साजरा होतो. त्यासाठी अंकुरित गव्हाचा रस व पीठ मोठ्या कढईत रात्रभर ढवळून 'सुमालक' हा पदार्थ करतात. साखर न घालताही तो गोड लागतो.

== मार्ग ==

आरंभ सामान्यतः गूर-ए-अमीर या मकबऱ्यापासून होतो. १४०३ साली मरण पावलेला नातू मुहम्मद सुलतान याच्यासाठी तैमूरने तो बांधविला. पण चीनच्या मोहिमेवर असताना १४०५ मध्ये स्वतः तैमूरच वारला व येथेच पुरला गेला. जून १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांनी थडगे उघडून सांगाडा तपासला. तैमूर खरोखरच लंगडा होता, हे त्यातून सिद्ध झाले. मराठीत रूढ असलेल्या 'तैमूरलंग' या नावाला असा पुरावा मिळाला.

पुढे रेगिस्तान हा चौक लागतो. नावाचा अर्थ 'वाळूची जागा' असा असला, तरी येथे वाळवंट नाही. तीन बाजूंना तीन मदरसे आहेत: उलूग बेग (१४१७–२०), शेर-दोर (१६१९–३६) आणि तिल्या-कोरी (१६४६–६०). शेर-दोरच्या कमानीवर वाघासारखे प्राणी व मानवी मुखाचे सूर्य रंगविलेले आहेत, जे मदरशाच्या दर्शनी भागावर सहसा आढळत नाही. उलूग बेग मदरसा पूर्वाभिमुख असल्याने त्याची नक्षी सकाळी उजळते, तर समोरच्या शेर-दोरवर ऊन दुपारनंतर पडते. घाईने एकच फेरी मारणाऱ्यास यांपैकी एक गोष्ट गमवावी लागते.

येथून पादचारी मार्गाने बीबी खानम मशिदीकडे जाता येते. दिल्ली लुटून परतल्यावर तैमूरने १३९९ मध्ये तिचे काम सुरू केले. भारतातून नेलेले हत्ती दगड वाहण्यास जुंपल्याचे उल्लेख आहेत. काम घाईत उरकल्याने विटा लवकरच निसटू लागल्या आणि १८९७ च्या भूकंपाने मोठी पडझड झाली. मशिदीशेजारीच सियोब बाजार आहे. तेथे समरकंदची प्रसिद्ध जाड गोल रोटी, सुकामेवा व हंगामी फळे मिळतात.

त्यापलीकडे शाह-ए-जिंदा हा निळ्या फरशांच्या मकबऱ्यांचा समूह आणि १२२० मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केलेल्या जुन्या नगराच्या, अफ्रासियाबच्या, टेकड्या आहेत. वर्षातील बराच काळ रुक्ष असणाऱ्या या टेकड्या वसंतात हिरव्या होतात. १९६५ मध्ये येथे सातव्या शतकातील भित्तिचित्रे सापडली. शेवटी उलूग बेगची वेधशाळा येते. १४४९ मध्ये त्याची हत्या झाल्यानंतर ती नष्ट झाली. १९०८ मध्ये व्याटकिन यांनी तिचे अवशेष शोधले. येथे सिद्ध झालेली ताऱ्यांची सारणी पुढे जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या ज्योतिषकार्यात आधार ठरली.

== पुनर्बांधणी ==

आज दिसणारे समरकंद सर्वस्वी तैमूरकालीन नाही, हे अनेक प्रवासवर्णनांत सांगितले जात नाही. बीबी खानमचा मुख्य घुमट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे आणि शाह-ए-जिंदातील अनेक फरशा नव्याने बसविलेल्या आहेत. नूतनीकरणाने वास्तू कोसळण्यापासून वाचल्या, परंतु मूळ व नवे यांतील सीमारेषा पुसट झाल्याची टीकाही होते. पर्यटकांच्या मार्गालगतचे जुने महल्ले भिंतींआड गेले असून, त्यांत शिरण्यासाठी भिंतीतील दारे शोधावी लागतात.