थिन-फॅट देहप्रकृती

थिन-फॅट देहप्रकृती : हातपाय सडपातळ, वजन बेताचे, पण पोटात चरबी साठलेली अशी शरीररचना. भारतीयांत ती सर्रास आढळते. अंगाने किरकोळ माणसाला ऐन उमेदीत मधुमेह जडतो, त्यामागे बहुधा हीच प्रकृती असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे ही कल्पना जगभर पोचली. २००४ मध्ये त्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी स्वतःचाच फोटो छापला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) दोघांचा २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

ही चरबी केवळ कातडीखालची नव्हे, आतड्यांभोवतीचीही. या आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात उतरतात. यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होते आणि स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन सोडावे लागते. साखर, मैदा, पॉलिशचा तांदूळ यांनी हा भार वाढतो. डाळ, उसळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरी यांतील तंतू व प्रथिनांमुळे साखर रक्तात सावकाश येते आणि पोट लवकर भरल्यासारखे वाटते.

भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक जठरात तयार होते, ती आवरणारे लेप्टिन चरबीच्या पेशींत. चरबी वाढली की लेप्टिनही वाढते, पण मेंदू त्याला जुमानेनासा होतो. उपाशी राहून वजन उतरवले तर लेप्टिन घसरते, घ्रेलिन चढते, आणि भुकेची ही ओढ वर्षभरानंतरही टिकून राहिलेली दिसते. वजन पुन्हा वाढलेल्या माणसाला जिभेवर ताबा नाही म्हणून बोल लावणे त्यामुळे अन्यायाचे आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा ही प्रकृती जन्मतःच असते असे दिसले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा अवरोध सर्वाधिक आढळला. दूध, अंडी, मांस ताटात क्वचितच पडणाऱ्या घरांत बी-१२ची उणीव नेहमीची. या अभ्यासातली मुले वयात आल्यावर, ती स्वतः आईबाप होण्याआधीच, त्यांना बी-१२च्या गोळ्या देऊन पाहण्यात आले.