चंदीचे दप्तर आणि घोड्याचा पोटशूळ

दौलतराव शिंद्यांनी आपल्या फिरत्या सैन्याचा तळ १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस कायमचा दिला, आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. त्यातील कवायती पलटणींची स्मृती कंपू या भागाच्या नावात अद्याप टिकून आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी १७८४ साली आलेल्या डी बॉइनने उभारलेले कंपू हे मुख्यतः पायदळाचे आणि तोफांचे होते हे खरे. तथापि घोड्यावाचून मराठी छावणीची कल्पनाच करता येत नाही. लष्करातील हुजरात हा मोहल्ला खाशा स्वारांची आठवण आजही वागवीत आहे, आणि पागेचे दप्तर लिहिणाऱ्या पागनविसांचे वंशज पागनीस या आडनावाने सुपरिचित आहेत. आमचे इतिहासकार लढायांची वर्णने मोठ्या आवडीने करतात. पण ज्या जनावराच्या पाठीवर बसून त्या लढाया झाल्या, त्याच्या पोटाची चौकशी करण्याचे त्यांच्या सहसा मनात येत नाही. माझ्या मते त्या पोटाचे आरोग्य वैद्यापेक्षा या पागनविसाच्या लेखणीवर अधिक अवलंबून होते.

घोड्याच्या देहाची रचनाच अशी आहे, की निष्काळजी धन्यास ती फार काळ क्षमा करीत नाही. एवढ्या धिप्पाड जनावराचे जठर अवघे दहा-पंधरा लिटरांचे असते, अन्ननलिका जठरास मिळते तेथील स्नायू इतका घट्ट असतो की घोड्यास वांती होत नाही, आणि मोठ्या आतड्याचे वळण ओटीपोटापाशी एकाएकी अरुंद होत असल्यामुळे कोरडा चारा तेथे अडकून बसतो. रानात मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्रीत चौदा ते अठरा तास थोडे थोडे चरत राहतो. त्यालाच खुंट्यास बांधून, दोन वेळा तोबरा भरून दाणा दिला आणि वैरणीत कपात केली, म्हणजे पोटात दाणा आंबतो, वायू धरतो, आतड्यास पीळ पडतो आणि ज्याला आपण पोटशूळ म्हणतो तो उद्भवतो.

हे शास्त्र शिवछत्रपतींच्या काळी या शब्दांत कोणी मांडले नसेल, परंतु त्याचा व्यवहार पूर्णपणे अवगत होता. चिपळूणजवळ छावणीस राहिलेल्या पागेच्या अंमलदारांस १६७३ साली महाराजांनी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा आणि वैरण आरंभीच मनास येईल तशी उधळली, तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि त्या मरणाचे पातक तुमच्या माथी बसेल, असा त्याचा आशय आहे. रयतेस उपद्रव देऊ नये या त्यातील आज्ञेसाठी हे पत्र वारंवार उद्धृत केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यात पागेच्या व्यवस्थेचे एक सूत्रही दिसते: आज भरपूर आणि उद्या उपास, हा क्रम घोड्यास घातक आहे. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगीरांमागे एक हवालदार सांगितला आहे, आणि त्याच पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद मुकर्रर केला आहे. पाणी आणण्यासाठी स्वतंत्र माणसाची तैनात करणाऱ्या त्या कारभाऱ्यांस मी मनोमन नमस्कार करतो. कारण पाण्यावाचून सुकलेला चारा आतड्यात गोळा होऊन बसणे हे पोटशुळाचे एक अत्यंत सामान्य कारण आहे, आणि ग्वाल्हेरीकडील पौषाच्या कडाक्यात थंडगार पाण्यास तोंड न लावणारे घोडे या व्याधीस सहज बळी पडतात.

सरकारी पागेत बारगीराचा घोडा दौलतीचा असल्यामुळे त्याच्या चंदीचा, म्हणजे रोजच्या दाण्याचा, हिशेब दप्तरी चढे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, म्हणून त्याचा दाणा त्याच्या तनख्यावर अवलंबून. इंग्रज वकिलाच्या रक्षकदलाचा अधिकारी टॉमस ब्रॉटन हा १८०९ साली दौलतरावांच्या छावणीबरोबर हिंडत होता, आणि थकलेल्या पगारासाठी सैनिक धरणे धरून बसत याची वर्णने त्याच्या पत्रांत आहेत. स्वाराचा पगार थकला म्हणजे त्याच्या घोड्याच्या तोबऱ्याचे काय होत असेल, हे सांगण्यास साक्षीदाराची गरज नाही. हरभऱ्याच्या ऐवजी मिळेल ते भरड धान्य येणार, तेही कधी किडके, कधी ओलसर. आणि पगार वाटला गेला की कृतज्ञ स्वार एकदम दुप्पट चंदी घालणार. खाद्यातील बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा असा जो नियम आहे, त्याचा भंग असा दप्तरातून सुरू होई. पोटशूळ घोड्यास होई, पण त्याचे निदान पुष्कळदा फडणिशीत करावे लागले असते.

गवताचाही एक इतिहास आहे. हिंदुस्थानातील रिसाल्यांत घोड्यामागे घसियारा असे. तो खुरप्याने हरळी मुळासकट खरवडून आणी. हरळी उत्तम खाद्य खरे, पण मुळांबरोबर माती आणि वाळूही येते. गवत झाडून, धुऊन घातले तर ठीक. घाईत तसेच टाकले तर ती वाळू महिनोन्महिने आतड्याच्या तळाशी साचत जाते आणि एके दिवशी धडधाकट घोडा जमिनीवर लोळू लागतो. चंबळेकडील भुरभुरीत मातीच्या मुलखात या धोक्याची कल्पना सहज करता येईल. त्यामुळे खाद्य भुईवर न पसरता गव्हाणीत घालणे हा नुसता टापटिपीचा शिष्टाचार नव्हे.

शूळ प्रथम ओळखी तो घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. सलोतऱ्याकडे, म्हणजे घोड्यांच्या वैद्याकडे, शालिहोत्राची परंपरा होती, जयदत्ताच्या अश्ववैद्यकाचा वारसा होता, आणि हिंग, ओवा, काळे मीठ यांचे गोळे होते; यांपैकी काहींनी साध्या वायूस उतार पडतही असेल, पण पीळ पडलेल्या आतड्यापुढे हिंगाचे काय चालणार? मोतद्दारास मात्र रोजची लीद ठाऊक असे. घोड्याने तोबरा अर्धा टाकला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वळून वळून कुशीकडे पाहू लागला, वरचा ओठ उचलला, मूत्रासाठी ताणून उभा राहिला आणि तरी काही झाले नाही, निजला आणि लगेच उठला, म्हणजे दाणा तत्काळ काढून घ्यावा. पोटाला कान लावला असता एरव्ही ऐकू येणारी गुरगुर थांबली असेल, हिरड्यांचा रंग पालटला असेल, घाम सुटला असेल, तर प्रकरण साधे नाही. निरोगी घोड्याची नाडी विसाव्याच्या वेळी मिनिटास अठ्ठावीस ते चव्वेचाळीस चालते. ती साठावर जाऊन तशीच राहिली तर विलंब प्राणावर बेतू शकतो. हळूहळू फिरविल्याने सौम्य शुळास आराम पडतो, परंतु वेदनेने व्याकूळ झालेल्या जनावरास तासन्‌तास दौडविणे हा शुद्ध अविचार होय. १८८६ साली मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि आता नाकावाटे जठरात नळी घालून कोंडलेला वायू व द्रव काढता येतो, प्रसंगी शस्त्रक्रियाही होते; तरी ‘काल काय खाल्ले, पाणी किती प्याले, लीद केव्हा टाकली’ हे प्रश्न डॉक्टरासही विचारावेच लागतात, आणि त्यांची उत्तरे मोतद्दाराजवळच असतात.

शिंद्यांच्या लान्सर पलटणी इतिहासजमा झाल्या. लष्करच्या रस्त्यांवर घोडी दिसते ती बहुधा लग्नसराईत, वरातीपुढे, झुलीने मढविलेली. उत्तरेकडील रिवाजाप्रमाणे नवऱ्याची बहीण तिला भिजविलेली हरभऱ्याची डाळ चारते. एका मुठीने काही बिघडत नाही. पण एकाच रात्री दोन-तीन वराती, प्रत्येकीत मूठमूठ डाळ, मध्ये वऱ्हाड्यांनी हौसेने भरविलेले लाडू, पाण्याचा थेंब नाही, आणि मध्यरात्री ठाणावर परतल्यावर मालकाने मायेने एकदम घातलेला भरलेला तोबरा, हा क्रम पागनविसाच्या वहीत बसला नसता. अशा घोडीस आधी पाणी, मग गवत, आणि दाणा तासाभराने, तोही अर्धाच द्यावा.