वर्धा-वैनगंगेच्या काठचे विद्यार्थी आणि त्यांचे मन

बल्लारपूर हे एकेकाळी गोंड राजांच्या राजधानीचे गाव होते. आज ते पेपर मिल, कोळसा खाणी आणि बल्लारशाह जंक्शन यांमुळे ओळखले जाते. गडचिरोली जिल्ह्यात वडसा सोडले तर रेल्वे नाही, त्यामुळे दक्षिणेकडच्या अहेरी-सिरोंचाच्या मुलांनाही शिकायला बाहेर पडताना अनेकदा हेच स्थानक गाठावे लागते. गिरणी-खाणीतल्या कामगारांची मुले आणि जंगलपट्ट्यातून आलेली मुले मिळून इथला महाविद्यालयीन विद्यार्थी घडला. यांतल्या कितीतरी जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. अशा विद्यार्थ्याच्या मनाची काळजी या भागात कोणी आणि कशी घेतली, याचा इतिहास दवाखान्यापासून सुरू होत नाही.

दवाखाना होता, पण दूर. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. विदर्भासाठी दीर्घकाळ तेच मोठे ठिकाण राहिले. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याचे लक्ष रुग्णाला दाखल करण्यावर आणि ताब्यात ठेवण्यावर होते. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या किंवा वसतिगृहात एकटा पडलेल्या मुलासाठी त्या चौकटीत जागाच नव्हती. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने १९१० मध्येच विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्यसेवा सुरू केली होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या दूरच्या महाविद्यालयांपर्यंत तसे काही पोहोचायला कित्येक दशके जावी लागली.

दवाखाना दूर असला तरी जंगलपट्ट्यातल्या माडिया आदिवासींच्या गावांत तरुणांसाठी गोटुल होते. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाहेरच्या वाचकाला गोटुल कळले ते मुख्यतः त्यातून, आणि गैरसमजही तिथूनच पसरले. गडचिरोलीतल्या भामरागडकडचे माडियांचे गोटुल मुरियांच्या गोटुलासारखे नाही. ते गावाच्या बैठकीचे, पाहुण्याला उतरवण्याचे आणि अविवाहित मुलांनी रात्री एकत्र राहण्याचे घर. त्याला मानसोपचार म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण वयात येणारा मुलगा तिथे एकटा नसे. आश्रमशाळा आणि पुढे शासकीय वसतिगृह यांनी त्याला शिक्षण दिले, मात्र ती सोबत आणि रोजची भाषा दोन्ही मागे राहिली. वर्गात मराठी आणि मनात माडिया, असा हा पेच आहे.

महाविद्यालयीन तरुणांसाठी या भागात जे पहिले मोठे काम उभे राहिले, तेही उपचाराचे नव्हते. कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या बाबा आमटे यांनी १९६७ च्या सुमारास मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू केला आणि तिथे उन्हाळी श्रमसंस्कार छावणी भरू लागली. मे महिन्यातल्या चंद्रपुरी उन्हात महाराष्ट्रभरातून आलेली मुले-मुली सकाळी कुष्ठमुक्त शेतकऱ्यांबरोबर माती उपसत, नंतर व्याख्याने, वाद, गाणी चालत. हेतू समाजकार्याचा होता. तरी आपण कशासाठी जगतो, हा विशीतला प्रश्न तिथे उघडपणे बोलता येई आणि त्याच प्रश्नाने हैराण झालेले दुसरे कोणी शेजारीच बसलेले असे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने सात दिवसांचे निवासी शिबिर कॉलेजोकॉलेजी नेले. त्यातली काही शिबिरे उत्साहाची असतात, काही केवळ अहवालापुरती.

दुसरा टप्पा गडचिरोलीत घडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. जिल्ह्यातल्या दोन गावांतील स्त्रियांच्या आजारांवरचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. लाजेखातर न सांगितलेली दुखणी किती मोठी असतात, हे त्यातून दिसले. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरे याच मौनावर बोट ठेवतात. शरीर, आकर्षण, प्रेम आणि लग्न यांविषयी तरुण मुला-मुलींशी त्यांत स्पष्ट बोलले जाते. तरुणांच्या अनेक चिंता अज्ञानातून आणि अपराधीपणातून येतात. त्या बऱ्याचदा साध्या शास्त्रीय माहितीनेच हलक्या होतात. २००६ मध्ये ‘निर्माण’ हा उपक्रम आला. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातल्या शिबिरांत नुकतेच शिकून बाहेर पडलेले डॉक्टर, अभियंते आपल्या शिक्षणाचे आणि आयुष्याचे प्रयोजन शोधतात.

छावण्या-शिबिरांच्या या परंपरेचे बळ मोठे, तशी तिची मर्यादाही ठळक आहे. छावणीला जातो तो घराबाहेर पडण्याची उमेद शिल्लक असलेला विद्यार्थी. नैराश्याने अंथरूण न सोडणाऱ्याला श्रमदानाचा सल्ला देणे क्रूर होय; त्याला डॉक्टर लागतो. घरात दारू असेल तर दुखणे आणखी गुंतागुंतीचे होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली.

सरकारी व्यवस्था हळूहळू पुढे सरकली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा; त्याच वर्षी गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यावर दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूरऐवजी गडचिरोलीशी जोडली गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात अभ्यास आणि ताणतणाव या दोहोंसाठी किती विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक आहे, हे विचारले जाऊ लागले. हे प्रमाण कागदावर सहज जुळते. पण गुण देणाऱ्या शिक्षकाजवळ कोणता विद्यार्थी मन मोकळे करील?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थी-आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा सुरू झाली. तिथे मराठीत बोलता येते, तेलुगूतही, माडियात नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असा आदेश दिला. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. बल्लारपूरच्या महाविद्यालयाला त्यासाठी चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. सिरोंच्यापासून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली मात्र सुमारे २०० किलोमीटर आहे.