कोरियाचें चलन

सेऊल शहरांत नव्यानें उतरलेल्या प्रवाशास प्रथम चकविते ती नोटांवरील शून्यांची रांग. साधें जेवण घ्यावयाचें तरी हिशेब हजारांचा! लहानांत लहान नोट एक हजार वॉनची, मोठ्यांत मोठी पन्नास हजारांची; त्यांखालीं १०, ५०, १०० व ५०० वॉनचीं नाणीं. दहा हजारांच्या नोटेवर कोरियन लिपीचा जनक राजा सेजोंग विराजमान आहे. पन्नास हजारांची नोट २००९ सालीं निघाली. तिजवर शिन साइम्दांग ही चित्रकर्ती आहे, आणि पांच हजारांच्या नोटेवर तिचाच विद्वान पुत्र यि इ. मायलेकांस एकाच देशाच्या नोटांवर स्थान मिळावें, हा योग विरळाच. 'वॉन', जपानचा 'येन' व चीनचा 'युआन' हे तिन्ही शब्द 'वाटोळें' या अर्थाच्या एकाच चिनी अक्षरापासून निघाले आहेत.

१६७८ सालीं सुकजोंग राजानें तांबेमिश्रित धातूचें ओतीव नाणें देशभर चालू केलें. त्याच्या मध्यभागीं चौकोनी भोंक असे. लोक तीं दोऱ्यांत ओंवून बाळगीत. जवळजवळ दोन शतकें हें नाणें लोकांच्या विश्वासास उतरलें. १८६६ सालीं मात्र अल्पवयी राजाच्या नांवें कारभार पाहणाऱ्या त्याच्या पित्यानें, दैवोनगुनानें, क्योंगबोक राजवाड्याच्या पुनर्रचनेचा खर्च भागविण्यास नवें नाणें पाडलें. त्यावर किंमत शंभरपट कोरली, धातु मात्र पांचसहा पटींचाच! आपल्याकडील महंमद तुघलकाची आठवण व्हावी असा हा प्रकार. भाव कडाडले व दुसऱ्याच वर्षीं तें बंद करावें लागलें.

याहून कठोर आघात १९०५ सालीं झाला. सरकारी टांकसाळीनें बेसुमार पाडलेलीं व खोटेकरांनीं त्यांत भर घातलेलीं निकेलचीं नाणीं बाजारांत तुंबलीं होतीं. जपानच्या दडपणानें नेमलेला अर्थसल्लागार मेगाता यानें तीं बदलून घेण्याचें ठरविलें. उत्तम नाण्यास अडीच जॉन, म्हणजे वॉनचा चाळिसावा भाग. मध्यमास एक जॉन. हीन नाणें सरळ नाकारलें. सुधारणा आवश्यक होती हें खरें. पण ज्यानें प्रामाणिकपणें माल विकून तें नाणें घेतलें, त्याचा अपराध काय? अनेक कोरियन व्यापारी यांत बुडाले.

१९१० ते १९४५ जपानी अंमल होता. मुक्ततेनंतर वॉन आला. १२ जून १९५० रोजीं कोरियाची मध्यवर्ती बँक स्थापन झाली, आणि तेराव्या दिवशीं युद्ध पेटलें. महागाई अशी भडकली कीं, १९५३ सालीं शंभर वॉनांचा एक ह्वान करावा लागला. १९६२ सालीं दहा ह्वानांचा पुनः एक वॉन झाला. आजचा वॉन तो हाच. त्यानंतर शून्यें छाटलीं गेलीं नाहींत, म्हणून तीं इतकीं दिसतात. उत्तर कोरियाच्या चलनाचें नांवही वॉनच आहे. पण तें चलन निराळें, सेऊलच्या दुकानांत चालत नाहीं.