हेमी इंजिन, दोन एक्सल आणि मधला क्लच

1966 साली क्रायस्लर कंपनीने 426 घन इंचांचे हेमी इंजिन प्लिमथ आणि डॉजच्या रस्त्यावरच्या गाड्यांत बसवायला सुरुवात केली. ताकद 425 अश्वशक्ती, टॉर्क 490 फूट-पौंड. इंजिन एकच, पण मागचा एक्सल गिअरबॉक्स पाहून ठरत असे. ऑटोमॅटिक गाडीला सहसा पावणेनऊ इंची क्राउन व्हीलचा नेहमीचा एक्सल मिळे. चार गिअरच्या मॅन्युअल गाडीला मात्र पावणेदहा इंची क्राउनचा, ट्रकच्या तोलामोलाचा डाना 60 द्यावा लागला. यातली गोम बघण्यासारखी आहे. ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर गाडी निघताना इंजिनाचा टॉर्क उलट वाढवून पुढे देतो, म्हणजे हिशेबाने जड एक्सलची गरज त्या गाडीला जास्त होती. तरीही तिचे हलक्या एक्सलवर भागले, कारण कन्व्हर्टर तो टॉर्क तेलातून, दमादमाने पोचवतो. क्लच तोच टॉर्क क्षणात आदळू शकतो. एक्सलचे आयुष्य इंजिनाच्या आकड्यापेक्षा क्लचच्या स्वभावावर जास्त अवलंबून असते, हे माझे म्हणणे डेट्रॉइटच्या या निर्णयावर उभे आहे.

हिशेब करून पाहू. 490 फूट-पौंडांना पहिल्या गिअरच्या 2.65 ने आणि क्राउन-पिनियनच्या 3.54 ने गुणले की एक्सलवर सुमारे 4,600 फूट-पौंड येतात. पण इंजिन पाच हजार फेऱ्यांवर फिरत असताना पेडलवरून पाय एकदम उचलला, तर क्रँकशाफ्ट आणि जड फ्लायव्हील यांच्या फिरण्यात साठलेली ऊर्जाही त्याच क्षणी मागे धावते. मग शाफ्टवर इंजिनाचा टॉर्क येत नाही. क्लच न घसरता जेवढा पेलेल तेवढा येतो. समजा कोणी 900 फूट-पौंड पेलणारा क्लच बसवला, तर टायरांनी पकड सोडली नाही तोवर एक्सलला 8,400 च्या आसपास सोसावे लागेल, आणि इंजिनाची ताकद तर तसूभरही वाढलेली नसेल. घरातल्या विजेच्या फ्यूजच्या जागी जाड तार घालावी, तसे हे आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्यांना याची झळ फार आधी लागली होती. 1932 च्या फोर्ड व्ही-8 चे इंजिन 65 अश्वशक्तीचे, आणि गिअरबॉक्स-एक्सल त्याच बेताचे. युद्धानंतर त्या सांगाड्यांत 1949 चे 135 अश्वशक्तीचे ओल्ड्समोबिल रॉकेट इंजिन चढवायची टूम निघाली, आणि जुन्या फोर्डचे गिअर व मागचे शाफ्ट मोडू लागले. 1957 मध्ये फोर्डचा नऊ इंची एक्सल आला, आणि त्यावर बहुतेकांनी तोच उपाय धरला. इथे आक्षेप येतो की सरळ एक्सलच बदलावा, क्लचची चिंता कशाला? निव्वळ शर्यतीच्या गाडीपुरते ते योग्य आहे. पण जड एक्सल वजन वाढवतो, आणि झटका तर जिथल्या तिथे राहतो; मग तो गिअरबॉक्सवर किंवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर जातो. मूळ एक्सल राखायचा असेल तर क्लचकडे वळावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एक्सलला वाचवतात ते टायर, क्लच नव्हे. साठच्या दशकातले अरुंद टायर जोर आला की जागच्या जागी फिरत, आणि त्यामुळे कित्येक एक्सल वाचले, हे खरेच आहे. पण ड्रॅग स्ट्रिपवर रुंद, गुळगुळीत स्लिक टायर आले आणि ती पळवाट बुजत गेली. त्यानंतर शर्यतवाल्यांनी काय केले, ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. साठीच्या उत्तरार्धात ड्रॅग्स्टरवाल्यांनी क्लच मुद्दाम घसरू दिला. स्प्रिंगचा दाब कमी ठेवायचा आणि फेऱ्या वाढतील तसा फिरत्या वजनांनी तो वाढवत न्यायचा, अशी रचना त्यांनी केली. सुटताना क्लच घसरे आणि पुढे घट्ट धरे. टायरांचा धूर कमी झाला आणि वेळाही सुधारल्या. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त ताकद होती, त्यांनीच सर्वांत सौम्य पकड निवडली.

घसरणारा क्लच जळतो, हेही नाकारता येत नाही. इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कमी पेलणारा क्लच वाईटच. रस्त्यावरच्या गाडीत तो महिनाभरही धड चालणार नाही. म्हणून क्षमता इंजिनाच्या टॉर्कच्या सव्वापट ते दीडपट ठेवण्याची अभियंत्यांची पद्धत आहे, आणि ती सोडू नये. प्लेट मधल्या भागात स्प्रिंग असलेली घ्यावी. लायनिंग एकदम पकडणाऱ्या सिंटर्ड धातूच्या गुट्ट्यांऐवजी नेहमीच्या ऑरगॅनिक जातीचे असावे. बीएमडब्ल्यूने पुढे आपल्या कित्येक मॅन्युअल गाड्यांच्या क्लचच्या तेलनळीत प्रवाह मंदावणारा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे पाय झटकन उचलला तरी प्लेट सावकाश टेकावी. पुष्कळ हौशी मालक तो पहिल्याच महिन्यात काढून टाकतात. मूळ एक्सल टिकवायचा असेल त्यांनी तो काढू नये.