बडोद्याची १८७५ ची मृगया व तिचे अनामिक कर्ते

१

नाशिक जिल्ह्याचा बडोद्याच्या राजघराण्याशीं असलेला संबंध सर्वश्रुत आहे. मालेगांव तालुक्यांतील कवळाणें येथील काशीराव गायकवाड यांचे चिरंजीव गोपाळराव यांस खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनीं २७ मे १८७५ रोजीं दत्तक घेतलें. तेच पुढें सयाजीराव महाराज (तिसरे) या नांवानें प्रसिद्धीस आले. महाराजांच्या दीर्घ राज्यकारभाराविषयीं विपुल लेखन झालें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानानें अगदीं लहान आहे. दत्तविधानास सहा महिने होण्याच्या आंतच बडोद्यास हरणांची एक शिकार झाली, तिचा येथें विचार करावयाचा आहे. प्रसंग लहान असला तरी संस्थानी दप्तरें कोणत्या दृष्टीनें वाचावीं, याविषयीं त्यापासून कांहीं बोध होण्यासारखा आहे.

१८७५ च्या एप्रिलांत मल्हारराव महाराज पदच्युत झाले. सर टी. माधवराव यांजकडे दिवाणगिरी आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंग्लंडचे युवराज आल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, हिंदुस्थानांत आले. ८ नोव्हेंबरास ते मुंबईस उतरले आणि त्याच महिन्यांत बडोद्यास गेले. तेथें हत्तींची मिरवणूक व साठमारी यांबरोबरच चित्त्याकरवीं काळविटांची शिकार हा त्यांच्या आदरातिथ्याचा एक मुख्य भाग होता. युवराजांचें वय त्या वेळीं चौतीस वर्षांचें होतें. यजमान सयाजीराव महाराज यांचा जन्म ११ मार्च १८६३ चा; म्हणजे यजमानाचें वय अवघें बारा वर्षें आठ महिन्यांचें होतें.

या शिकारींत पाहुणा नवखा होता, हें उघडच आहे. हिंदुस्थानच्या भूमीवर येऊन त्यास जेमतेम पंधरवडा झाला होता. परंतु यजमानही तितकाच नवखा होता. शेतकऱ्याच्या घरांत वाढलेला हा मुलगा सहा महिन्यांपूर्वीं राजवाड्यांत आला होता. ज्या वैभवाचा तो मालक म्हणून मिरवला, तें चित्ते, गाड्या व माणसें यांसह त्यास पूर्वजांकडून तयार मिळालें होतें. मग ही शिकार घडविली कोणीं? या प्रश्नाचें उत्तर ना पाहुण्याच्या चरित्रांत शोधावें, ना यजमानाच्या. तें शिकारखान्याच्या कागदांत आहे.

२

बडोद्याची ही रीत १८७५ सालीं नवी नव्हती. खंडेराव महाराज (कारकीर्द १८५६ ते १८७०) यांस मल्लविद्या, साठमारी व मृगया यांची अतिशय आवड होती. १८६४ सालीं लुई रूसले नांवाचा फ्रेंच प्रवासी त्यांचा पाहुणा म्हणून बडोद्यास राहिला होता. राजेरजवाड्यांच्या हिंदुस्थानावरील त्याचा सचित्र ग्रंथ १८७५ सालीं पॅरिसमध्यें निघाला. महाराजांचें औदार्य व शिकारीचा थाट हे त्यांतील बडोद्याच्या भागाचे मुख्य विषय आहेत. शिकार पाहावयास नेणें, ही पाहुण्याच्या मानाची परिसीमा समजत. खिलत देण्याइतकेंच तिला महत्त्व असे.

या शिकारीची पद्धति सर्व ठिकाणीं बहुतेक सारखी होती. चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी घालून त्यास बैलगाडींत बसवीत. काळवीट माणूस पायीं येतांना दिसला कीं पळतें, पण शेतकऱ्याच्या बैलगाडीस तें सरावलेलें असतें. म्हणून गाडी कळपाच्या रोखानें सरळ न नेतां वळसे घेत घेत हळूहळू अंतर कमी करीत. चित्तेवानानें योग्य नर हेरला म्हणजे टोपी काढून गळपट्टा सोडावयाचा. पुढील सर्व कार्य कांहीं पळांत उरकतें. चित्त्याचा दम फार थोडा. कांहीं शें हातांच्या दौडींत हरीण हातीं लागलें तर लागलें, नाहीं तर तो थांबतो आणि त्या दिवशीं पुनः धांवण्यास राजी नसतो. हरीण पडल्यावर चित्ता त्याचा गळा धरून बसतो. तेव्हां चित्तेवान धांवत जाऊन हरणाचा गळा चिरतो, लाकडी पळींत रक्त घेऊन चित्त्यापुढें धरतो, व तो त्यांत गुंतला कीं टोपी पुनः चढवितो. चित्त्याचा राग न ओढवतां त्याच्या तोंडचें भक्ष्य काढून घेणें, ही या विद्येची खरी कसोटी होय.

वारा कोणत्या दिशेचा, गाडी किती जवळ न्यावी, चित्ता सोडण्याचा क्षण कोणता, हें सर्व चित्तेवान ठरवी. पाहुण्यानें गाडींत स्वस्थ बसून पाहावयाचें. तरीही शिकार पाहुण्याच्या नांवावर लिहिली जाई, व तिचा यशोगौरव यजमानाच्या पदरीं पडे.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. शिकारीस ठेवलेला चित्ता पिंजऱ्यांत वाढविलेला नसे. पिल्लूपणींच धरलेल्या चित्त्यास शिकार साधत नाहीं. ती विद्या तो रानांत आईपाशींच शिकतो. म्हणून आईच्या हाताखालीं तयार झालेला पुरा वाढलेला चित्ताच पारधी धरीत. चित्ते कांहीं ठराविक झाडांपाशीं नेमानें येतात. त्या झाडांभोंवतीं हरणाच्या तांतीचे फांसे मांडीत. धरल्यावर त्यास डोळे बांधून खाटेवर, भर वस्तींत, माणसांच्या गलबल्यांत बांधून ठेवीत; म्हणजे माणसाच्या आवाजाची भीति मोडे. अर्थात् शिकारीच्या गाडींतील सर्व मंडळींत हरीण कसें मारावें हें जाणणारे दोघेच असत : एक चित्ता आणि दुसरा त्यास धरणारा व राखणारा माणूस.

३

नवखा राजपुत्र व चित्त्याची पहिली शिकार, असा दुसरा एक प्रसंग इतिहासांत नमूद आहे. बडोद्याच्या प्रसंगाशीं त्याची तुलना करण्यासारखी आहे. १८७५ च्या पूर्वीं तीनशें वीस वर्षें, म्हणजे १५५५ सालीं, हुमायूनच्या सैन्यानें माछीवाड्याची लढाई जिंकली. त्या लुटींतील ‘फतेहबाज’ नांवाचा चित्ता वली बेग यानें बाल अकबरास नजर केला. अकबराचा जन्म १५४२ च्या आक्टोबरांतला. म्हणजे तोही त्या वेळीं बारा वर्षांचाच होता. चित्त्याच्या शिकारीचा जो नाद त्यास आमरण राहिला, त्याचा आरंभ येथें झाला.

हा प्रसंग लिहितांना अबुल फजल यानें देणाराचें नांव दिलें, चित्त्याचें नांव दिलें, आणि चित्ता राखणारा दुंदू याचेंही नांव देऊन त्याच्या कौशल्याची वाखाणणी केली. बादशहाच्या स्तुतीसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत एका चित्तेवानास जागा मिळाली, ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढें १५७२ सालीं सांगानेरजवळ हरणामागें धांवतांना एका चित्त्यानें मोठा नाला एका उडींत ओलांडला, तेव्हां त्यास इतर चित्त्यांचें नायकपण देऊन त्याच्यापुढें नगारा वाजविण्याची आज्ञा झाली. तेंही लिहून ठेवलेलें आहे. एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय प्रवासवर्णनांत शिकारीचीं चित्रें सुंदर आहेत, पाहुण्यांच्या पदव्या पूर्ण आहेत. चित्तेवान मात्र बहुधा ‘एक नेटिव’ असतो.

अकबराच्या पदरीं एक हजार चित्ते जमले होते, असें जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत सांगतो. बंदिवासांत चित्त्यांची वीण होत नाहीं. आपल्या काळीं एकदांच एका जोडीस तीन पिल्लें झालीं, हें त्यानें नवल म्हणून लिहिलें आहे. यावरून शिकारखान्यांची खरी स्थिति कळते. शिकारखान्यांतील प्रत्येक चित्ता रानांतूनच आणावा लागे. एक मेला कीं दुसरा पारध्याकडे मागावा लागे. तीन शतकें सर्व लहानथोर दरबारांची ही मागणी पुरविणारे लोक फांसेपारधी होते.

४

मृगयेविषयीं आपल्या शास्त्रकारांचें मत एकमुखी नाहीं. कामज व्यसनांच्या यादींत मनूनें मृगया पहिलीच घातली आहे. कौटिल्य तिला व्यसनांतच गणतो. पण द्यूताशीं तुलना करितांना तिचे गुणही सांगतो : शरीरास व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो, आणि भ्यालेल्या व रागावलेल्या पशूंचें मन ओळखतां येतें. शेवटचा गुण विशेष विचारांत घेण्यासारखा आहे. कारण पशूचें मन ओळखणें हें माग काढणाराचें काम आहे, गाडींत बसणाराचें नव्हे.

कूर्माचलाच्या रुद्रदेव राजाच्या ‘श्यैनिकशास्त्र’ ग्रंथांत मृगयेचे आठ प्रकार केले आहेत. त्यांतील एका प्रकाराचें नांव ‘पदप्रेक्षा’, म्हणजे पावलें पाहत जनावराच्या मागावर जाणें. हा ग्रंथ म. म. हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास छापला. महाराष्ट्राला जवळचा पुरावा त्याहून जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मृगयाविनोदाचें सविस्तर प्रकरण आहे, आणि चित्त्याकरवीं हरणें धरण्याचा प्रकारही त्यांत आला आहे. यावरून ही विद्या मोगलांनीं या देशांत आणली, हा समज टिकत नाहीं. दक्षिणेंतील राजास ती मोगलांच्या चारशें वर्षें आधीं परिचित होती.

आणि हा ‘मानसोल्लास’ छापला गेला तो बडोद्यासच. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्री. गजानन श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. ही ग्रंथमाला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १९१६ सालीं सुरू झाली होती. ज्या मुलानें बाराव्या वर्षीं यजमान म्हणून मृगयेचा थाट पाहुण्यास दाखविला, त्याच्याच द्रव्यानें पन्नास वर्षांनीं मृगयेचें आपल्या देशांतील प्राचीन शास्त्र विद्वानांपुढें आलें. आमच्या मतें हें दुसरें आतिथ्य पहिल्याहून अधिक टिकाऊ ठरलें.

५

चित्ते व काळवीट यांची पुढील हकीकत थोडक्यांत अशी. कोल्हापुरास शाहू छत्रपति व त्यांच्यामागून राजाराम महाराज यांनीं ही शिकार चालू ठेविली. परंतु या देशांतील चित्ता दुर्मिळ झाल्यानें आफ्रिकेंतून जनावरें आणावीं लागलीं. स्वातंत्र्याच्या सुमारास कोरिया संस्थानांत तीन चित्ते मारले गेले. ते हिंदुस्थानांतील अखेरचे चित्ते मानले जातात. १९५२ सालीं हा पशु देशांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आठ चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनो येथें ठेवण्यांत आले. काळविटास १९७२ च्या कायद्यानें पूर्ण संरक्षण मिळालें. नाशिक जिल्ह्यांत येवले तालुक्यांत ममदापूरच्या माळावर त्यांचे कळप आजही आहेत व तें क्षेत्र राखीव आहे. ज्या देशांत कृष्णसार मृग स्वभावतः वावरतो तो देश यज्ञास योग्य, असें मनुवचन आहे. त्या दृष्टीनें जिल्ह्याचा एवढा तरी कोपरा अद्याप पवित्र उरला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पशूंची गणना झाली. माणसांची काय गति झाली? पारध्यांची कला राजेरजवाड्यांच्या कामीं येत होती, तोंपर्यंत त्यांस बक्षीस मिळे. परंतु १८७१ पासून गुन्हेगार जमातींच्या कायद्यांची जी परंपरा सुरू झाली व पुढें मुंबई इलाख्यास लागू झाली, तिच्या फेऱ्यांत पारधीही सांपडले. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं अशा जमातींची हजेरी बंद केली, हा त्या अंधारांतील मोठा अपवाद. इतरत्र तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. चित्ता नाहींसा झाल्याचें जाहीर झालें तेंही हेंच वर्ष. ज्यांचीं नांवें शिकारीच्या वर्णनांत आलीं नाहींत, त्यांचीं नांवें पोलिसांच्या हजेरीपटांत मात्र न चुकतां आलीं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत पारधी या सदराखालीं ‘फांसे पारधी’ व ‘शिकारी’ यांच्याबरोबर ‘चिता पारधी’ हें नांव आजही छापलें जातें. त्या विद्येची एवढीच खूण सरकारी कागदांत शिल्लक आहे.

६

कागदपत्रांच्या संग्राहकांस यावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली अशी कीं, मराठी राज्यव्यवस्थेंतील अठरा कारखान्यांत शिकारखाना हाही एक कारखाना होता, व कारखाना म्हटला कीं जमाखर्च आला. जनावरांचा खुराक, गाडीचे बैल, चाकरांचा रोजमुरा, शिकार साधल्यावर दिलेलें बक्षीस, या नोंदी राजकीय महत्त्वाच्या नाहींत म्हणून रुमाल बांधतांना बाजूस पडतात व पुढें रद्दींत जातात. चित्तेवानाचें नांव आढळावयाचें तर तें अशाच फर्दांत आढळेल. जहागीरदार व सरदार घराण्यांचीं दप्तरें हातीं येतील तेव्हां असे कागद वेगळे करून जपावे.

दुसरी सूचना वाचनाविषयीं आहे. मराठींत ‘चित्ता’ हा शब्द पुष्कळ ठिकाणीं बिबळ्यासही लावितात. तसेंच ‘हरीण’ म्हणजे काळवीट, चिंकारा, चितळ यांपैकीं कांहींही असूं शकतें. मोडी कागदांत ‘चित्ता मारिला’ असें असेल तर तो बहुधा बिबळ्या. ‘चित्ता सोडिला’ असें असेल तर तो शिकारीचा चित्ता. ज्या संपादकानें हा भेद टीपेंत नोंदला नाहीं, त्याचा वाचक चुकीच्या मार्गास लागतो.

तिसरी सूचना कागदांपलीकडची आहे. चिता पारधी म्हणविणाऱ्या कुटुंबांतील वृद्धांच्या स्मरणांत जीं नांवें असतील, तीं वंशावळीच्या रूपानें त्यांच्या संमतीनें लिहून घ्यावीं. भाट व बडवे यांच्या वह्यांवरून सरदारांच्या वंशावळी आपण सिद्ध केल्या. तेंच साधन या लोकांच्या बाबतींत कां वापरूं नये, याचें समर्पक कारण देतां येणार नाहीं.

१८७५ च्या त्या शिकारींत एक पाहुणा होता, त्याचें नांव जगास ठाऊक आहे. एक यजमान होता, तो आमच्या जिल्ह्याचा म्हणून आम्हांस त्याचा अभिमान आहे. तिसरा माणूस गाडीच्या दांडीवर बसून वारा पाहत होता. इतिहास लिहावयाचा तर तिघांचाही लिहिला पाहिजे, आणि तिसऱ्याचें साधन अद्याप कोणाच्या तरी माळ्यावर रुमालांत बांधलेलें असण्याचा संभव आहे तोंवर त्याचा शोध सोडतां कामा नये.

नाशिक रोड.